अ‍ॅनिमे आणि आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी शिकवते. वर्गात येणारी बरीच मुलं जपानी अ‍ॅनिमेशन, म्हणजेच अ‍ॅनिमे पाहून आलेली असतात आणि त्यांना सोडायला आलेले आईबाबा मला दारातच गाठतात. मुलांचे प्रश्न वेगळे, पालकांचे वेगळे. दर बॅचला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं.

अ‍ॅनिमे पाहून माणूस खरंच बदलतो का?

नुसतं पाहून नाही बदलत. पाहिलेल्यातलं काहीतरी उचलून स्वतः करायला लागला, तर बदलतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फुटबॉलचं. योइची ताकाहाशी यांची 'कॅप्टन त्सुबासा' ही मांगा (जपानी चित्रकथा) १९८१ साली सुरू झाली आणि १९८३ मध्ये तिच्यावरचं अ‍ॅनिमे आलं. तेव्हा जपानात व्यावसायिक फुटबॉल लीगसुद्धा नव्हती, जे-लीग सुरू झाली १९९३ मध्ये. स्पेनमध्ये हीच मालिका 'ओलिव्हर आणि बेंजी' या नावानं लागायची. आपल्याला फुटबॉलचं वेड ती पाहूनच लागलं, असं फर्नांडो टोरेस सांगत आलाय. हा टोरेस २०१० चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता आणि कारकिर्दीच्या शेवटी खेळायला गेला तो जपानमध्ये, सागान तोसू क्लबकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचा निरोपाचा सामना झाला. समोर व्हिसेल कोबे, आणि त्यांच्याकडून खेळत होता त्याचा जुना सहकारी आंद्रेस इनिएस्ता. टोरेसचा संघ १-६ असा सपाटून हरला. अ‍ॅनिमेत असा शेवट कुणी लिहिला नसता.

तीच मालिका स्पेनमधल्या असंख्य पोरांनी पाहिली आणि ती सगळी काही टोरेस झाली नाहीत. पण त्यातली कितीतरी संध्याकाळी चेंडू घेऊन खाली उतरली असणार. माझ्या लेखी तेवढंही पुष्कळ झालं.

शेवटी कार्टूनच ना हे? आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.

होतं की. जपानी आहे हे तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारा मोगली निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओचा होता. गाणं गुलजारांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, त्यामुळे तो इथलाच वाटला. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेलं 'रामायण'ही अ‍ॅनिमेच. ते जानेवारी २०२५ मध्ये थिएटरात परत लागलं, तेव्हा लहानपणी टीव्हीवर पाहिलेले लोक आपापली पोरं घेऊन गेले.

मग २००५ मध्ये हंगामा चॅनेलवर डोरेमॉन आला, मागोमाग शिनचॅन. मराठी घरातल्या पोरांना शाळेआधी हिंदी शिकवलं ते या दोघांनी. मुलं हिंदी बोलायला लागली म्हणून बांगलादेशानं २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनवर बंदी घातली. आपल्याकडे आजीच्या कुरकुरीवर भागलं.

इतर मालिकांत नाही असं यात काय आहे, की मुलं एवढी गुंततात?

सराव. माझं तरी हेच मत आहे. मारामाऱ्या, जादू, मोठे डोळे हे सगळं वरवरचं झालं. आपल्या सिनेमात नायक एका गाण्यात तयार होतो. गाणं सुरू होताना काडी पैलवान, संपताना दंड फुगलेले. अ‍ॅनिमेत त्या एका गाण्याचे वीस भाग होतात.

'स्लॅम डंक' घ्या. साकुरागी नावाचा लाल केसांचा दांडगट पोरगा एका मुलीवर छाप पाडायची म्हणून बास्केटबॉलच्या संघात शिरतो. पहिल्याच दिवशी उंच उडी मारून डंक करू, म्हणजे चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबू, अशा रुबाबात तो येतो. त्याला मैदानाच्या कोपऱ्यात उभं केलं जातं. गुडघे वाकवायचे, कमरेत झुकायचं आणि चेंडू जमिनीवर आपटत राहायचं. बाकीचे मैदानभर पळताहेत, शॉट मारताहेत, आणि हा आपला कोपऱ्यात, धप्‌ धप्‌ धप्‌. वैतागून निघून जातो, परत येतो. मग साधा ले-अप (बास्केटजवळ जाऊन चेंडू हलकेच आत टाकणं) शिकण्यात आणखी दिवस जातात. गाण्याच्या क्लासला महिनोन्‌महिने नुसता सा लावून घेणाऱ्या बाई ज्यांनी अनुभवल्यात, त्यांना ही तडफड बरोब्बर कळेल. ताकेहिको इनोउए यांची ही मांगा १९९० ते १९९६ चालली, त्या काळात जपानी शाळांत बास्केटबॉलचं पेव फुटलं. आणि इनोउएंनी पुढे २००६ मध्ये होतकरू खेळाडूंना अमेरिकेत शिकायला आणि खेळायला पाठवणारी शिष्यवृत्ती सुरू केली. वाचकांकडून मिळालेलं खेळाला परत देणं म्हणतात ते हे.

'हिकारू नो गो'ची गोष्टही अशीच. गो हा पटावरचा खेळ जपानात म्हाताऱ्यांचा समजला जायचा. २००१ मध्ये हे अ‍ॅनिमे आलं आणि शाळकरी मुलं गो शिकायला रांगा लावू लागली. यातली युक्ती बघा: प्रत्येक भागाच्या शेवटी युकारी उमेझावा ही खरीखुरी व्यावसायिक गो खेळाडू येऊन मुलांना दोन-चार चाली शिकवायची. म्हणजे गोष्ट संपली की लगेच हात चालवायला जागा.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्यालाही घर असतं. व्हॉलीबॉलवरच्या 'हाइक्यू'मध्ये हरलेल्या संघाला सामना संपल्यावर थेट हाकलून देत नाहीत. त्यांची शेवटच्या वर्षाची मुलं रडतात, बस पकडतात, ते सगळं आपण बघतो. 'डीमन स्लेयर'चा तांजिरो मरून विरून जाणाऱ्या राक्षस पोराच्या पाठीवर हात ठेवतो. दहा-बारा वर्षांच्या मुलानं हे शे-दोनशे वेळा पाहिलं, की वर्गातल्या भांडणात 'त्याच्या घरी काय चाललंय कुणास ठाऊक' एवढं तरी त्याच्या मनात येऊन जातं. सगळ्यांच्या येतं असं नाही म्हणणार.

व्हॉलीबॉलचं अ‍ॅनिमे पाहून मुलगा व्हॉलीबॉल खेळायचं म्हणतोय. चार दिवसांचं खूळ असेल का?

असेलही. पाठवा तरी. चार दिवस घाम निघाला तर तोटा काय झाला? नोआ लाइल्स हा अमेरिकन धावपटू स्पर्धेआधी 'युगिओ' या अ‍ॅनिमेतली पत्ती दाखवत मैदानात येतो, म्हणून लोक हसायचे. पॅरिसला २०२४ मध्ये १०० मीटर शर्यत त्यानं अवघ्या ०.००५ सेकंदानं जिंकली. खूळ आणि मेहनत एकाच माणसात सुखानं राहू शकतात.

युद्धावरची, मरणावरची अ‍ॅनिमे मुलांना दाखवावीत का? मन कोवळं असतं हो त्यांचं.

हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच सिनेमामुळे येतो: 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', १९८८, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. दुसऱ्या महायुद्धात कोबे शहर जळतं आणि आई गेलेली दोन भावंडं उघड्यावर येतात. भाऊ चौदा वर्षांचा, बहीण चार. पुढे काय होणार ते सिनेमा पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो, आणि तरीही आपण दीड तास आशा धरून बसतो. फळांच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे त्यात. गोळ्या संपतात, तेव्हा भाऊ त्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोड पाणी बहिणीला पाजतो. ती प्रत्येक घोटाला चवींची नावं घेते. हे पाहिल्यावर ताटात टाकलेल्या अन्नावरून कुणाला ओरडावं लागत नाही, किमान आठवडाभर तरी.

ताकाहातांना हे ऐकून माहीत नव्हतं. २९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामा शहरावर बॉम्ब पडले, तेव्हा नऊ वर्षांचे ताकाहाता रात्रीच्या कपड्यांत, अनवाणी, बहिणीबरोबर पळत सुटले होते. पुणेकरांनी इथं जरा थांबावं. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला सगळे ओकायामा गार्डन म्हणतात, ते त्याच ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून बेतलंय. ती बागही त्या हल्ल्यात भाजून निघाली आणि नंतर जुन्या चित्रांवरून पुन्हा उभी केली गेली. आपण तिथं लग्नाआधीचे फोटो काढतो.

तर, दाखवावं का? दहा-अकराच्या आत मुळीच नको. त्यापुढे दाखवा, पण सोबत बसा आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून झोपायला पाठवू नका. मुलं प्रश्न विचारतात. एका मुलानं मला विचारलं होतं, "त्या मावशीनं त्यांना ठेवून का नाही घेतलं?" याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच्या आईनं रेशनचे दिवस कसे होते ते तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं आणि तासभर गप्पा झाल्या. दृष्टिकोन वगैरे घडतो तो असल्या तासाभरात.

मला वर्गात कुणी मित्र नाहीत. अ‍ॅनिमे पाहिलं की बरं वाटतं. हे चूक आहे का?

चूक कसलं आलंय त्यात. बरं वाटणं ही चांगलीच गोष्ट.

तुझ्यासाठी एक सुचवते. क्योतो अ‍ॅनिमेशनचा 'अ सायलेंट व्हॉइस', २०१६ चा, दिग्दर्शिका नाओको यामादा. शोया नावाचा मुलगा शाळेत एका कर्णबधिर मुलीला छळतो, तिची श्रवणयंत्रं काढून फेकतो. पुढे सगळा वर्ग त्याच्यावरच उलटतो. काही वर्षांनी हा मुलगा इतका एकटा पडलाय, की त्याला लोकांच्या चेहऱ्यांवर मोठमोठ्या फुल्या दिसतात. दिग्दर्शिकेनं त्या फुल्या खरोखरच काढल्यात, निळ्या रंगात. आणि कुणाशी धड एक वाक्य बोलणं झालं, की त्या माणसाच्या तोंडावरची फुली गळून पडते. पाहताना लक्ष ठेव, फुल्या एकदम जात नाहीत. एकेक करून जातात, काही परत चिकटतात.

आता न आवडणारं सांगते. पडद्यावरच्या मित्रांना तुझ्याबद्दल काही माहीत नाही. आवडलेल्या भागाबद्दल एका तरी जिवंत माणसाशी बोल. वर्गातल्या कुणाच्या बॅगेवर नारुतोचा बिल्ला असतोच. आणि एकटेपणा एवढा वाढला असेल की झोप, जेवण, शाळा सगळंच सुटत चाललंय, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मुलगी दिवसभर खोली बंद करून हेच बघते. व्यसन म्हणायचं का?

तास मोजण्याआधी हे बघा: जेवायला येते का, मैत्रिणींशी बोलते का, चित्रं काढणं किंवा काहीतरी करणं चालू आहे का? हे असेल तर सुट्टीतला एखादा दिवस गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. हे सगळं बंद पडलं असेल तर दोष अ‍ॅनिमेच्या माथी मारून मोकळं होऊ नका. बहुतेकदा आधी काहीतरी बिनसलेलं असतं आणि पडदा ही लपायची जागा असते. लपायची जागा काढून घेतली म्हणून बिनसलेलं सुधारत नाही. जपानात घराबाहेर न पडणाऱ्या अशा तरुणांचा प्रश्न मोठा आहे आणि 'वेलकम टू द एन.एच.के.' हे अ‍ॅनिमे त्यावरच बेतलेलं आहे. ते मुलांसाठी नाही. पालकांनी मात्र जरूर पाहावं.

वायफाय बंद करण्याआधी एकदा शेजारी बसून "काय बघतेयस?" एवढंच विचारा. "काय हे बघतेयस!" असं नाही. फरक कळला ना?

हिंसा आणि नको ते सीन यांचं काय?

आहेत, आणि भरपूर आहेत. अ‍ॅनिमे हा मुलांचा प्रकार नव्हे, त्यात सगळ्या वयांसाठी सगळं बनतं. चित्र गोंडस दिसलं म्हणून आतला माल लहानांचा असेलच असं नाही. ॲपवर नावाशेजारी वयाचा आकडा असतो, तो वाचा. काही मालिकांत शाळकरी मुलींना ज्या नजरेनं दाखवतात ते मला अजिबात पटत नाही, आणि 'तिकडची संस्कृतीच तशी' हे समर्थन तर त्याहून नाही पटत. मुलांशी याबद्दल उघड बोला. चौदा वर्षांच्या मुलाला ते दिसतंच, तुम्ही गप्प बसलात तर त्याला ते साधं वाटू लागतं.

डोळ्यांचं काय? रात्री अंधारात मोबाइलवर बघतात.

दिवा लावा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानात पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना फिट, चक्कर, उलट्या होऊन इस्पितळात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद होती. तेव्हापासून जपानी टीव्हीवर अ‍ॅनिमेच्या सुरुवातीला 'खोलीत उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसून बघा' अशी सूचना येते. नियम नंतर कडक झाले, तरी सूचना आजही लागू आहे. घरात कुणाला फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

अ‍ॅनिमे पाहून जपानी येतं का?

कान तयार होतो, भाषा येत नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत १८० पैकी ६० गुण ऐकण्याला असतात आणि बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे अ‍ॅनिमेवाल्यांना तिथं हमखास हात मिळतो. मराठी माणसाला आणखी एक सोय: क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे, आदरार्थी बोलणं घरचंच. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची जिथं दमछाक होते तिथं आपली मुलं सहज निघून जातात.

अडचण तोंड उघडल्यावर येते. दर वर्षी एखादा नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात मला 'ओमाए' म्हणतो. समुद्री चाच्यांच्या तोंडी ते शोभतं. बाईंना म्हणणं म्हणजे "काय गं ए" झालं. एन-५ या त्या परीक्षेच्या सगळ्यात सोप्या पातळीपासून पद्धतशीर सुरुवात करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून घरगुती वर्गांपर्यंत सोय मुबलक आहे आणि जपानी कंपन्यांमुळे कामही मिळतं. अ‍ॅनिमेसाठी आलेला मुलगा पुढे दुभाषा होऊन चाकणच्या कारखान्यात पंपाच्या गळतीवर बोलतोय, हे चित्र इथं नवीन नाही.

म्हणजे जपान अ‍ॅनिमेसारखाच आहे?

रेल्वे फाटकं, दुकानं, डोंगर अगदी तस्सेच आहेत. कामाकुराचं 'स्लॅम डंक'मधलं फाटक बघायला इतकी गर्दी होते की तिथले रहिवासी कावलेत. माणसं मात्र माणसांसारखीच आहेत.

मला अ‍ॅनिमेटर व्हायचंय.

मग आधी घरातली म्हातारी माणसं, कुत्री आणि हातांची बोटं बघून काढायला शीक. मोठे डोळे नंतर. आयआयटी मुंबईचं आयडीसी आणि अहमदाबादचं एनआयडी ही डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांची दोन नावं लिहून ठेव, दोन्हींना प्रवेशपरीक्षा असतात. जपानात नव्या अ‍ॅनिमेटरला अनेक ठिकाणी चित्रागणिक पैसे मिळतात आणि ते तुटपुंजे असतात. क्योतो अ‍ॅनिमेशन हा अपवाद म्हणून ओळखला जायचा: कलाकार पगारावर, शिक्षण स्टुडिओतच. २०१९ च्या जुलैमध्ये एका माणसानं त्याच स्टुडिओला आग लावली, ३६ जण गेले. स्टुडिओ पुन्हा उभा राहिला आणि काम चालू आहे.

अ‍ॅनिमेमुळे राजकीय, सामाजिक जाण येते असं मुलं म्हणतात. अतिशयोक्ती वाटते.

मलाही वाटायची, २०२५ पर्यंत. त्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात लोकांनी निषेध म्हणून 'वन पीस'मधला गवती टोपीचा कवटीवाला झेंडा घरांवर आणि ट्रकवर लावला. सप्टेंबरमध्ये नेपाळच्या तरुणांनी तो काठमांडूत सिंहदरबारच्या फाटकावर लटकवला. पुढे मादागास्करमध्येही दिसला. त्या मालिकेत जगाचं सरकार भ्रष्ट आहे आणि चाचे आपल्या दोस्तांसाठी त्याच्याशी भिडतात. हजाराहून जास्त भाग पाहिलेल्या पिढीला झेंडा समजावून सांगावा लागला नाही, इतकंच त्यातून सिद्ध होतं. झेंडा लावणं सोपं. दुसऱ्या दिवशी काय करायचं हे 'वन पीस' शिकवत नाही.

मी पंचावन्न वर्षांचा आहे. आता सुरू केलं तर हसतील का?

नातवंडं हसतील, मग शेजारी येऊन बसतील. मारामारीच्या वाटेला जाऊ नका. 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' बघा: शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळणारा एक पोरका मुलगा आणि त्याला जेवायला बोलावणाऱ्या तीन बहिणी. त्यात म्हातारे खेळाडूही आहेत, गुडघे दुखत असताना पटासमोर बसणारे. वीस वर्षांच्या माझ्या विद्यार्थ्यांना ते भाग संथ वाटतात.

सुरुवात कुठून करायची?

कुटुंबासोबत असाल तर 'माय नेबर टोटोरो'. कॉलेजात असाल तर 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड'. ६४ भागांत गोष्ट पूर्ण होते, वर्षानुवर्षं अडकून पडावं लागत नाही. डब की सबटायटल यावर भांडू नका. लहानांसोबत डब, भाषा शिकायची असेल तर सबटायटल. आणि एका बैठकीत तीनच भाग.